चेंडू मैदानातच थांबला पाहिजे

महोदय,

उद्यानातले चेंडूचे सगळे खेळ सरसकट बंद करावेत, असे एका वाचकाचे पत्र आपण छापले होते. त्यावर ‘मैदानाला लागून घर घेताना हे दिसत नव्हते का?’ असे विचारणारे दुसरे पत्र आले. दोन्ही पत्रे मी नीट वाचली. मी काचा बसवणारा कारागीर आहे. खिडक्या, दारे, स्लायडिंगची शटर, व्हेंटिलेटर, जे फुटेल ते बदलून देणे हा माझा धंदा. उद्यानांना आणि मैदानांना लागून असलेल्या घरांतून मला कायम बोलावणे असते. खेळणाऱ्या पोरांचे आईबाप माझी गिऱ्हाइके आहेत आणि तक्रार करणारेही माझीच गिऱ्हाइके आहेत. फुटलेल्या प्रत्येक काचेमागे मला मजुरी मिळते. तरीही मनापासून सांगतो, हे काम माझ्याकडे येऊ नये. चेंडू मैदानातच थांबला पाहिजे, आणि तो थांबवण्याची जबाबदारी मैदान ज्याच्या ताब्यात आहे त्याची आहे. ती घरात राहणाऱ्याची नाही आणि खेळणाऱ्या पोरांचीही नाही.

काच फुटली म्हणजे नेमके काय होते, हे दोन्ही पत्रांत नव्हते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. साधी काच चेंडू लागताच लांब, टोकदार पात्यांत फुटते. खाली पडलेले तुकडे सगळ्यांना दिसतात. खरा धोका वरच्या तुकड्यांचा असतो. चौकटीच्या वरच्या खाचेत दोनतीन पाती लोंबत राहतात. रबर नाहीतर पुटीन त्यांना कसेबसे धरून ठेवते. घरातला माणूस खाली वाकून तुकडे गोळा करू लागतो, त्याचा धक्का शटरला लागतो आणि वरचे पाते सुटते. म्हणून फोन आला की मी पहिल्यांदा हेच सांगतो: खिडकीला हात लावू नका, शटर सरकवू नका, खोलीचे दार ओढून घ्या. गेल्यावर आधी वरची पाती काढतो, त्यांना चिकटपट्टी लावून, एकेक करून. मग मोठे तुकडे आणि शेवटी बारीक कच. ही कच झाडूने निघत नाही. ओले वर्तमानपत्र फरशीवर दाबून टिपावी लागते. अंथरुणात, पडद्याच्या चुण्यांत, खेळण्यांच्या टोपलीत, कुठेही ती सापडते.

एका घरी चेंडू आला तेव्हा खिडकीखाली पाळणा होता. बाळ त्या वेळी आईच्या कडेवर होते. पाळण्यातली दुपटी मीच उचलली. झटकायला घेतली तर घडीघडीतून काच गळत होती. त्या आईने मला काचेची जाडी विचारली नाही, कोणती काच चांगली हेही विचारले नाही. ‘परत येणार नाही ना चेंडू?’ एवढेच विचारले. त्याचे उत्तर काचवाल्याकडे नसते. ते मैदान सांभाळणाऱ्याकडे असायला हवे.

आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. चेंडू वर्षातून मोजक्या वेळा येत असेल, पण माणसे आपले घर त्या चेंडूच्या हिशेबाने लावतात. खिडकीजवळची खुर्ची आत जाते. पलंग दुसऱ्या भिंतीला लागतो. संध्याकाळी, जेव्हा हवा घ्यायची, तेव्हाच खिडक्या बंद होतात. माझ्या ओळखीच्या एक आजी मैदानाकडच्या गॅलरीत वाचत बसायच्या. आता त्या आतल्या बोळात, दिवा लावून वाचतात. त्यांच्या घरची काच आजवर एकदाच फुटली आहे. पण एकदा कानाजवळून चेंडू गेल्यावर पुन्हा तिथे निवांत बसणे होत नाही, हे त्यांच्याकडे बघून मला कळले. नुकसान भरून द्यायचे म्हणजे काचेचे बिल चुकते करायचे, असे म्हणणाऱ्यांनी हेही नुकसानच धरावे.

लोक मला विचारतात, ‘अशी काच बसवा की फुटणारच नाही.’ जे आहे ते सांगतो. टफन काच साध्या काचेपेक्षा चारपाच पट मजबूत असते आणि फुटली तरी बारीक, बोथट दाण्यांत फुटते. जिवाच्या दृष्टीने ती बरी. पण टफन केलेली काच नंतर कापता येत नाही. माप देऊन करून आणावी लागते, तोवर खिडकी पुठ्ठ्यावर किंवा प्लॅस्टिकवर काढायची. शिवाय तिची कड नाजूक असते. चेंडू मधोमध लागला तर ती टिकेल, कोपऱ्यावर लागला तर सगळी एकदम खाली येईल. लॅमिनेटेड काच मला जास्त पसंत आहे. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. ती तडकते, पण तुकडे त्या थराला धरून जागेवर राहतात. पाळण्यावर काच पडू नये एवढेच हवे असेल तर हीच. आहे त्या काचेवर आतून सेफ्टी फिल्म लावणे हा आणखी सोपा उपाय आहे. मात्र फिल्म चौकटीच्या पट्टीखालपर्यंत गेली पाहिजे. नुसती दिसणाऱ्या काचेवर चिकटवली, तर फुटलेली अख्खी काच फिल्मसकट आत कोसळू शकते. फिल्म लावली म्हणजे काच तडकत नाही, असा एक गैरसमज आहे. फिल्मचे काम तुकडे धरून ठेवण्याचे, चेंडू अडवण्याचे नव्हे. पॉलिकार्बोनेटचे भरीव पत्रे मार चांगला सोसतात, पण त्यांना ओरखडे लवकर पडतात आणि उन्हाने ते पिवळे होत जातात. घराच्या मोठ्या खिडकीला तो पत्रा लावा, असे मी कुणाला सांगत नाही.

खिडकीला लोखंडी गज असले म्हणजे काम झाले, हाही असाच एक समज. क्रिकेटच्या चेंडूचा व्यास साधारण ७.२ सेंटिमीटर. दोन गजांमधले अंतर १० सेंटिमीटर असेल तर चेंडू त्यातून सरळ आत येतो. गजांच्या बाहेरून ५ सेंटिमीटर चौकोनाची वेल्डेड जाळी, काचेपासून वीतभर अंतर सोडून लावली, तर उपयोग होतो. अंतर सोडायचे कारण, चेंडूने जाळी आत दबते आणि ती काचेला टेकलेली असेल तर काच तरीही जाते. पण अशी जाळी पक्की ठोकून टाकू नका. आग लागली तर त्या खिडकीतूनच बाहेर पडावे लागेल. बिजागरी आणि आतून उघडणारी कडी ठेवाच.

हे सगळे लिहिताना मला सारखे वाटते आहे, की एवढा खटाटोप घरच्यांनी का करायचा? चेंडू खिडकीपर्यंत पोहोचला म्हणजे त्याला अडवायच्या सगळ्या जागा आधीच हुकलेल्या असतात. काच ही शेवटची आडकाठी आहे, आणि आपण सगळा भार तिच्यावरच टाकून बसलो आहोत.

आता कुंपणाविषयी. बहुतेक उद्यानांना पुरुषभर किंवा त्याहून थोडी उंच भिंत असते. तिच्या भरवशावर ‘कुंपण आहे की’ असे सांगितले जाते. माझे एक जुने गिऱ्हाईक गणिताचे शिक्षक होते. त्यांनी मला आलेखाच्या कागदावर चेंडूची वाट काढून दाखवली. बॅटवरून ४५ अंशांत उडालेला आणि ७० मीटरवर पडणारा फटका घ्या. हवेचा अडथळा सोडून दिला, तर असा चेंडू अर्ध्या वाटेवर सुमारे साडेसतरा मीटर उंच असतो. ४० मीटरवर तो १७ मीटरच्या आसपास असतो. ६० मीटरवर साडेआठ मीटर, ६५ मीटरवर साडेचार मीटर. खऱ्या हवेत चेंडू याहून उभा पडतो, म्हणजे तेवढ्याच लांबीच्या फटक्यात शेवटच्या टप्प्यात तो या आकड्यांपेक्षाही वर असतो. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून ५९.४३ ते ८२.२९ मीटरवर ठेवतात. आपल्या उद्यानांत तेवढी जागा कुठे असते? घराची भिंत ४० मीटरवर असेल तर तीन मीटरचे कुंपण फक्त सरपटी आणि सपाट फटके अडवते. उंच फटक्याला ते दिसतही नाही.

तो कागद पाहिल्यावर मला दोन गोष्टी समजल्या. एक, जाळी किती उंच हवी हे डोळ्यांच्या अंदाजाने ठरवता येत नाही. चेंडू कुठून मारला जातो आणि घर किती लांब आहे, ही दोन मापे घेतल्याशिवाय खांब उभे करणे म्हणजे वाया घालवणे. दुसरी, खेळपट्टी दहापंधरा मीटर पलीकडे सरकवली तरी जाळीची लागणारी उंची झटकन कमी होते, कारण घराशी येईपर्यंत चेंडू उतरणीला लागलेला असतो. सरकवायला लोखंड लागत नाही, मंजुरीच्या फेऱ्या लागत नाहीत. उगवतीचे आणि मावळतीचे ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून खेळपट्टी सहसा उत्तर-दक्षिण आखतात, त्यामुळे ती वाटेल तशी फिरवता येत नाही. पण सरकवता येते. घरांच्या बाजूला लहान मुलांचा डाव आणि पलीकडच्या टोकाला मोठ्यांचा, अशी वाटणी करता येते. फुटबॉलच्या गोलाची पाठ घरांकडे असू नये, कारण हुकलेले फटके गोलामागेच जातात. फलंदाजीचा नुसता सराव करायचा असेल तर वरूनही जाळी असलेला पिंजरा हवा. बॅटपाशीच चारही बाजूंनी आणि वरून अडवलेला चेंडू कुणाच्याच खिडकीपर्यंत जात नाही. एवढा साधा पिंजरा कित्येक उद्यानांत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

चेंडू कोणता, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. सीझन बॉलचे, म्हणजे क्रिकेटच्या कातडी कडक चेंडूचे, वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम, टेनिसच्या चेंडूचे ५६ ते ५९.४ ग्रॅम. दोघे सारख्याच वेगाने आले तर सीझन बॉलचा मार पावणेतीनपटीच्या घरात जातो. टेनिसच्या चेंडूला चिकटपट्टी गुंडाळली की तो जड होतो, पण तरी सीझन बॉलएवढा घातक होत नाही. घरांना खेटून असलेल्या, जाळी नसलेल्या मैदानात सीझन बॉलने उघड्यावर खेळू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इथे बंदी हा शब्द मला चालतो. खेळावर नाही, जागेला न शोभणाऱ्या चेंडूवर.

जाळी लावायची ठरलीच तर ती नीट लावावी. चौकोन चेंडूपेक्षा लहान हवा, हे उघड आहे. क्रिकेटला ५ सेंटिमीटरचा चालतो, फुटबॉलला १० सेंटिमीटरचाही पुरतो. पण सार्वजनिक मैदानात सगळेच खेळ चालतात, म्हणून सगळ्यांत लहान चेंडू धरून जाळी घ्यावी. गोल्फचा चेंडू तर ४२.६७ मिलिमीटरपर्यंत बारीक असतो, त्याला क्रिकेटची जाळी उपयोगी नाही. नायलॉन मजबूत असतो, पण पाणी पितो आणि ओला झाला की झोळ पडतो. पॉलिथिनची जाळी पाणी धरत नाही. कोणतीही घ्या, उन्हाला टिकणारी प्रक्रिया केलेली घ्या, नाहीतर धागा उन्हात कुजतो आणि बोटाने ओढला तरी तुटतो. वर पोलादी दोर ताणलेला हवा. जाळी मात्र थोडी सैल सोडावी, म्हणजे ती चेंडूचा जोर जिरवते. फार ताणली तर चेंडू उसळून खेळणाऱ्याच्याच तोंडावर येतो. खांबांचे काम ज्याला त्यातले कळते त्या इंजिनिअरकडूनच करून घ्यावे. उंच जाळीवर चेंडूपेक्षा वाऱ्याचा जोर कितीतरी जास्त असतो आणि त्यावर हौसेने वेल चढवला की तो आणखी वाढतो. पक्ष्यांचाही विचार हवा. अगदी बारीक, काळ्या धाग्याच्या जाळीत पक्षी आणि वटवाघळे अडकतात. धागा जाड, डोळ्यांना दिसणारा असावा, खाली गुंते लोंबू नयेत, आणि पडद्यासारखी सरकवता येणारी जाळी असेल तर खेळ संपल्यावर ती बाजूला ओढून बांधावी. झाडे लावावीत, सावलीसाठी आणि आवाजासाठी. पण ती वाढायला वर्षे लागतात आणि फांद्यांमधून चेंडू निघतोच.

जाळी लावणे सोपे, ती राखणे अवघड. मी एक जाळी अशी पाहिली आहे, जी लावल्यावर पहिले काही महिने एकही काच फुटली नाही. मग खालच्या कडेला एक भोक पडले. चेंडू पलीकडे गेला की पोरे तिथली दोरी सोडून खालून सरपटत जायची, कारण दुसरी वाट नव्हती. भोकातून पुढे माणूस जाईल एवढी फट झाली. रहिवाशांनी ज्या कार्यालयात अर्ज दिला, तिथून उत्तर आले की जाळी बसवण्याचे काम पूर्ण झाले आहे आणि दुरुस्ती वेगळ्या खात्याकडे येते. ते दुसरे खाते कोणते, हे शेवटपर्यंत कुणी सांगितले नाही. वर्षभरात मी पुन्हा त्याच खिडक्यांवर काम करत होतो. म्हणून माझे म्हणणे, जाळीचा ठराव होईल त्याच ठरावात ती महिन्यातून एकदा कोण तपासणार आणि भोक कोण शिवणार, हे लिहिलेले असावे. आणि जाळीला एक लहान दार ठेवावे, म्हणजे चेंडू आणायला पोरांना दोरी सोडावी लागणार नाही की कुठे चढावे लागणार नाही.

त्या दाराविषयी थोडे थांबून लिहितो, कारण काचेपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी आहे. एके दुपारी मी एका घराच्या व्हेंटिलेटरला काच बसवत होतो. शिडीवर असल्यामुळे शेजारची शेड माझ्या डोळ्यांसमोर होती. जुने सिमेंटचे पत्रे होते. चेंडू त्यावर जाऊन बसला. दहाबारा वर्षांचा एक मुलगा भिंतीवरून पत्र्यावर उतरला. मी ओरडलो, ‘अरे थांब, खिळ्यांच्या रांगेवरून चाल!’ तोवर पत्रा कडकन मोडला आणि त्याचा पाय मांडीपर्यंत आत गेला. दोन्ही हात पसरून तो तसाच अडकून राहिला. रडलासुद्धा नाही, इतका घाबरला होता. आम्ही खालून टेबल लावून, आजूबाजूचा पत्रा फोडून त्याला काढले. मांडीला खोल कापले होते. त्याचे सगळे अंग आत गेले असते तर खाली लोखंडी सामान रचलेले होते. त्याला वर चढायला कुणी सांगितले नव्हते. पण त्या घरातून चेंडू परत मिळत नाही, हे सगळ्या पोरांना माहीत होते. बेल वाजवली की दार उघडायचे नाही, उघडले तर बोलणी.

म्हणून शेजाऱ्यांनाही माझी विनंती आहे. चेंडू ठेवून घेऊ नका. तुमचा राग मला कळतो, त्या रागाच्या जागी मी रोज काम करतो. पण चेंडू अडवून ठेवल्याने पुढचा चेंडू यायचा थांबत नाही, फक्त एखादे पोर भिंतीवर चढते. फाटकाशी एक टोपली अडकवा, आलेला चेंडू तिच्यात टाका. खेळणाऱ्यांच्या घरच्यांनाही सांगायचे आहे. काच फुटल्याचा आवाज झाला की मैदान एका क्षणात रिकामे होते, ही सवय मोडायला हवी. मोठ्यांनी मुलाला घेऊन त्या घरी जावे आणि आधी विचारावे, ‘कुणाला लागले नाही ना?’ असे विचारायला कुणी गेले, त्या घरांतली भांडणे मी तिथल्या तिथे मिटलेली पाहिली आहेत.

राहिला तो ‘मैदान आधीपासून होते’ हा मुद्दा. माझी थोरली मुलगी कायद्याचा अभ्यास करते. तिने मला इंग्लंडमधले काही निकाल वाचून दाखवले, कारण हा वाद तिथे फार जुना आहे. १९४७ साली मँचेस्टरजवळच्या चीतम हिल इथे क्रिकेटच्या मैदानातून आलेला चेंडू रस्त्यावर उभ्या असलेल्या एका बाईंना लागला. प्रकरण तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च पीठापर्यंत, हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. १९५१ मध्ये निकाल क्लबच्या बाजूने लागला. पण का लागला, ते पाहा. कुंपणाचा माथा खेळपट्टीपेक्षा १७ फूट उंच होता, बाईंना चेंडू लागला ती जागा फलंदाजापासून जवळपास १०० यार्डांवर होती आणि तीसएक वर्षांत सहाएक वेळाच चेंडू बाहेर गेला होता. धोका इतका थोडा होता म्हणून क्लब सुटला. त्याच निकालात न्यायाधीश लॉर्ड रीड यांनी असेही म्हटले, की एखाद्या मैदानावर मोठा धोका निर्माण केल्याशिवाय क्रिकेट खेळताच येत नसेल, तर तिथे ते खेळू नये. उपाय करणे अवघड आहे ही सबब धरता येणार नाही. म्हणजे मैदान जुने की घर जुने, यावर ते प्रकरण ठरले नाही. चेंडू किती वेळा बाहेर जातो, यावर ठरले.

लिंट्झ नावाच्या गावातले मैदान सत्तर वर्षे वापरात होते आणि शेजारची घरे नंतर बांधली गेली होती. तिथले प्रकरण १९७७ मध्ये अपील कोर्टात आले. खेळ बंद करायला कोर्टाने बहुमताने नकार दिला, पण नुकसानभरपाई द्यायला लावली. गंमत म्हणून नव्हे, तर हे लक्षात राहावे म्हणून सांगतो, की त्या क्लबने स्वतः पुढे होऊन न फुटणाऱ्या काचा आणि बागेवर जाळी बसवून देण्याची तयारी दाखवली होती. २०१४ मध्ये मोटारींच्या शर्यतींच्या आवाजावरून झालेल्या प्रकरणात ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितले, की तक्रार करणारा नंतर राहायला आला, एवढ्यावरून त्याची तक्रार फेटाळता येत नाही. आणि १९२२ चा एक निकाल तर माझ्याच धंद्यातला आहे. केंटमध्ये गोल्फच्या मैदानावरून रस्त्यावर आलेला चेंडू टॅक्सीच्या पुढच्या काचेवर बसला, काचेचा तुकडा चालकाच्या डोळ्यात गेला आणि त्याचा तो डोळा गेला. चेंडू जिथून मारायचा ती जागाच रस्त्याला लागून होती, तिथून चेंडू वारंवार रस्त्यावर येत, म्हणून कोर्टाने फटका मारणाऱ्याबरोबर क्लबलाही जबाबदार धरले. खेळपट्टीची जागा बदला, असे मी वर म्हणतो, त्याला एवढा जुना आधार आहे.

जिथे काहीच उपाय होत नाही, तिथे शेवटी खेळच लंगडा होतो. साउथविक अँड शोरहॅम हा इंग्लंडमधला १७९० पासूनचा क्रिकेट क्लब. शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे २०२४ मध्ये तिथे षटकार मारायलाच मनाई झाली. पहिल्या षटकाराला धावा नाहीत, दुसऱ्याला फलंदाज बाद. षटकार मारला म्हणून मुलगा बाद होणार असेल, तर त्याने खेळायचे कशाला? आपल्या उद्यानांवर ती पाळी येऊ नये.

म्हणून उद्यान सांभाळणाऱ्या संस्थांकडे माझी मागणी अगदी साधी आहे. उद्यानाच्या चौकीत एक वही ठेवा. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता चेंडू, कोणत्या टोकाकडून आला आणि कुठे पडला, हे शेजाऱ्यांनी आणि खेळणाऱ्यांनीही तिच्यात लिहावे. काच फुटली नाही तरी लिहावे, कारण भिंतीवर आपटलेला चेंडू आणि खिडकीतून आत आलेला चेंडू यांत हातभराचाच फरक असतो. उद्यानाच्या नकाशावर त्या जागी टिंबे काढा. दोनतीन महिन्यांत दिसेल, की बहुतेक चेंडू सगळीकडे पडत नाहीत, ठरावीक पट्ट्यातच पडतात. माझ्या कामाच्या डायरीत तरी तसेच दिसते. त्याच त्या घरांच्या त्याच त्या खिडक्या पुन्हा पुन्हा येतात, आणि दोन घरे सोडून पलीकडच्याला मी कधी बोलावलेलो नसतो. म्हणजे अख्ख्या उद्यानाला उंच जाळी लावायची गरज नाही. पट्टा शोधा, तिथली खेळपट्टी आधी सरकवा, सीझन बॉल पिंजऱ्यात न्या आणि त्यानंतरही चेंडू येत राहिले तर तेवढ्याच पट्ट्याला मापाची जाळी लावा. जाळी उभी राहीपर्यंत त्या पट्ट्यातल्या घरांच्या खिडक्यांना फिल्म किंवा लॅमिनेटेड काच मैदानाच्या खर्चातून बसवून द्या.

अशी वही ठेवायला कोणतेही उद्यान तयार असेल, तर माझ्या डायरीतल्या नोंदी, घरमालकांची नावे झाकून, मी द्यायला तयार आहे. कोणत्या खिडकीला काय बसवावे हे पाहायलाही येईन, त्याची मजुरी घेणार नाही. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. वादाच्या दोन्ही बाजूंच्या घरांत मला काम करायचे असते, म्हणून नाव छापू नये ही विनंती.

आपला नम्र,
एक काच कारागीर